काडीचा कौल

आषाढातल्या एका सकाळी बाबूच्या म्हशीचं रेडकू मेलं, आणि दुपारची जेवणं व्हायच्या आत ते कुणी मारलं याचा शोध घरात सुरू झाला.

कशानं मेलं हा प्रश्नच नव्हता. अळणावरचा गुरांचा डॉक्टर आदल्या दिवशी पावसात भिजत येऊन गेला होता. रेडकाचा सुजलेला गळा त्यानं चाचपला, घटसर्प आहे म्हणाला, सुई टोचली आणि फार उशिरा बोलावलंत असंही सांगून गेला. पण कशानं मेलं आणि कुणी मारलं हे बाबूच्या आईच्या, सखूबाईच्या लेखी दोन वेगळे प्रश्न होते. पहिल्याचं उत्तर डॉक्टर देतो, दुसऱ्याचं देवऋषी.

"सटवाजीकडं जाऊन ये," ती चुलीपुढून म्हणाली. "तांदूळ टाकून बगतोय तो. माट कुणी केलाय ते नावासकट सांगतोय."

माट म्हणजे करणी. शब्द कानडी, पण करणीला कानडी-मराठी असं काही नसतं. अळणावरच्या आजूबाजूच्या गावांत ती दोन्ही भाषांत सारखीच लागते.

बाबू म्हशीची लाथ खाऊन आला होता आणि मांडी चोळत बसला होता. रेडकू समोर नाही म्हटल्यावर म्हैस पान्हा सोडत नव्हती, कासेला हात लावू देत नव्हती. त्याची बायको भागीरथी भाकरी थापत होती. तिनं थापणं थांबवलं नाही.

"जायचं न्हाई," ती म्हणाली. "नागेश मास्तरांनी सांगिटलंय न्हवं? शास्त्रात नको म्हणून लिवलंय."

बाबू, भागीरथी आणि त्यांची लेक सुनिता, तिघं गेली दोन वर्षं रविवारी अळणावरला प्रार्थनेला जात होती. का जातात यावर गावात बऱ्याच गोष्टी चालायच्या. खरं कारण भागीरथी एकदा विहिरीवर सांगून मोकळी झाली होती: तिथं कोंबडं लागत नाही, नारळ लागत नाही, आणि बसायला चटई असते. मागून मात्र तिथलं बायबलचं वाचन ऐकणं तिला आवडायला लागलं. सखूबाई कधी गेली नाही. तिची लक्ष्मी कोनाड्यात होती तशी राहिली आणि तिला हलवा असं कुणी म्हटलंही नाही.

प्रार्थना चालवायला नागेश मास्तर धारवाडच्या सप्तापुरातून पॅसेंजर गाडीनं यायचे. शाळेतून निवृत्त झालेले, हळू बोलणारे गृहस्थ. मागल्या रविवारी त्यांनी नेमका हाच भाग वाचला होता. जुन्या काळी देवानं आपल्या लोकांना काय काय करू नका म्हणून बजावलं ते. पोटच्या पोराला, पोरीला आगीतून चालवू नका. शकुन बघू नका. भविष्य सांगणाऱ्याकडे, मंत्र घालणाऱ्याकडे, मेलेल्यांना बोलावून विचारणाऱ्याकडे जाऊ नका. भागीरथीनं तिथंच विचारलं होतं, "पोराला आगीत घालणं आणि शकुन बघणं एका दावणीला कसं बांधलंय ओ मास्तर? एक केवढं, दुसरं केवढं." मास्तरांनी चष्मा पुसला. "बरं विचारलंत," ते म्हणाले. "मलाही ते नीट उमगलेलं नाही. विचार करतो." मग प्रार्थना झाली आणि ते गाडीला गेले.

बाबूला आईला दुखवायचं नव्हतं आणि बायकोशी भांडायचंही नव्हतं. अशा माणसाला हटकून मधली वाट सुचते, आणि ती बहुतेक वेळा चिखलातूनच जाते.

"सटवाजीकडं जायला नको ना?" तो म्हणाला. "बरं. मग आपल्या शास्त्रालाच विचारू की."

गावच्या देवीला कौल लावायची रीत त्यानं लहानपणापासून बघितली होती. मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओली पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि कुठली आधी गळते ते बघत उभं राहायचं. प्रार्थनेला जायला लागल्यापासून ते बंद होतं. बंद होतं म्हणजे देवळात जाऊन करणं बंद होतं, विचारायची खाज होती तिथंच होती. त्यानं सुनिताला फळीवरचं बायबल काढायला लावलं. सुनिता सातवी पास, लग्नाला आलेली. घरात वाचता येणारी ती एकटीच. बाबूनं हातपाय धुतले, गवताच्या भाऱ्यातली भाताची एक काडी ओढली, डोळे मिटले, कुणी केलं ते दाखव म्हणाला आणि काडी पानांत खुपसली.

"वाच," तो म्हणाला. "काडी पडली तिथलं."

सुनितानं वाचलं. चेटूक करणाऱ्या बाईला जिवंत ठेवू नका, अशा अर्थाची ती ओळ होती.

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा भागीरथीला भान आलं. सखूबाईनं दोन्ही हात जोडले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्या पुस्तकाला नमस्कार केला.

"बाईमाणूस," ती म्हणाली. "मला वाटतच होतं."

नाव कुणी घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. परसापलीकडच्या खोलीत अनुसया राहायची. बाबूच्या थोरल्या भावाची बायको. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पोटी मूलबाळ नव्हतं. स्वतःच्या वाट्याचा भाताचा तुकडा करून, स्वतःची चूल पेटवून ती राहत होती. रेडकू आजारी पडायच्या आदल्या दिवशी ती गोठ्याच्या दारात उभी राहून म्हणाली होती, "कसं गोजिरं हाय बग की." आता ते सगळ्यांना एकदम आठवलं.

"अक्का असं करंल होय? काय तरीच," भागीरथी म्हणाली. पण तिच्या बोलण्यात जोर नव्हता. सटवाजीनं सांगितलं असतं तर तिनं सटवाजीला उभं-आडवं घेतलं असतं. इथं शास्त्र आपलं, काडी आपल्या नवऱ्याची आणि वाचणारी पोटची लेक. आपणच मानलेलं आपल्यावर उलटलं की माणसाची बोबडी वळते, तशी तिची वळली.

दुसऱ्या दिवशी बाबूनं करवंदीचे काटे तोडून आणले आणि परसाच्या मधोमध कुंपण घातलं. विहीर त्याच्या बाजूला राहिली. अनुसया घागर घेऊन आली तेव्हा तो शेवटचा खुंट ठोकत होता.

"हे कशाला रे बाबू?"

"म्हस येती तिकडं. तुजी भाजी खाती."

म्हैस गोठ्यात दाव्याला बांधलेली होती आणि ती तिथूनच दोघांकडे बघत होती. अनुसयानंही एकदा म्हशीकडे बघितलं, मग काट्यांकडे, मग बाबूकडे. बाबूनं खुंटावर उगाच आणखी एक घाव घातला. ती रिकामी घागर घेऊन परतली आणि त्या दिवसापासून गावाच्या टोकाच्या विहिरीवर जाऊ लागली. येताना चढ होता आणि पावसानं तो निसरडा झाला होता.

ती तिकडे का जाते, हे सखूबाईनं पिठाच्या गिरणीवर सांगून टाकलं. गावानं आजवर त्या पुस्तकाची चेष्टाच केली होती. बाबूला पुस्तकवाला म्हणायचे. पण चेटकिणीची गोष्ट निघाली आणि गावाचा त्या पुस्तकावर एका दुपारीत विश्वास बसला. "त्यांच्या पुस्तकात बी आलंय म्हणे," बाया म्हणाल्या. "आपली देवी सांगती ते वेगळं. ह्यो परका देव कशाला खोटं सांगंल?"

पुढच्या आठवड्यात पावसानं जोर धरला आणि लावण्या सुरू झाल्या. लावणी पैऱ्यावर चालते. आज दहा बाया माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. पैऱ्यात हात दिला तो हातानंच फेडायचा, त्यात दुसरी देवघेव नसते. बाबूच्या लावणीच्या दिवशी अनुसया नेहमीप्रमाणे डोक्यावर इरलं घेऊन आली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि एक पाय चिखलात घातला.

बाया बोलायच्या थांबल्या. शेजारची मंगला सगळ्यात पुढं होती, तिनं मान खाली घालून भराभर रोपं खोचायला सुरुवात केली. बाबू बैलांच्या मागं चिखलणी करत होता. त्यानं औत थांबवलं.

"वैनी, आज राहू दे," तो म्हणाला. "हात पुरेत."

हात पुरे नव्हते. निम्मं रान पडून होतं आणि दिवस मावळेपर्यंत ते उरकणार नाही हे बांधावरच्या बगळ्यालाही कळत होतं. अनुसयानं चिखलातला पाय वर काढला. बांधावर बसून पाटाच्या पाण्यात तो धुतला, बोटांच्या बेचक्यांतला चिखलसुद्धा काढला. मग उभी राहिली.

"माझ्या लावणीला कोण येणार तेवढं सांगा," ती म्हणाली. "म्हणजे मी तेवढीच पेज करीन."

कुणी वर बघितलं नाही. ती बांधाबांधानं चालत गेली, आणि तिच्या पाठीकडे फक्त भागीरथी बघत राहिली. भागीरथीच्या मुठीत रोपाची जुडी होती. ती खोचायचं सोडून ती नुसती आवळत राहिली.

अनुसयाचं रोप वाढून चाललं होतं. रोपाला वय असतं. ते उलटलं की लावलं तरी फुटवा धरत नाही, नुसतं गवतासारखं उभं राहतं. रोप गेलं म्हणजे वर्षाचं भात गेलं, आणि भात गेलं म्हणजे अनुसयाला हुबळीला भावाकडे जावं लागणार. भावाची खोली लॅमिंग्टन रोडच्या मागं, अंधारी. भावजय केव्हापासून म्हणत होती, या की आमच्याकडं, तेवढीच मदत होईल. त्या मदतीचा अर्थ सगळ्यांना कळत होता. तिथं गेलेली अनुसया परत येणार नव्हती, आणि तिचं रान बाबूच्या रानाला लागून असल्यामुळं ते कोण कसेल हेही गावानं मनात ठरवून टाकलं होतं. बाबूच्या मनात ते नव्हतं. पण गावाला वाटतंय हे त्याला कळलं आणि त्याला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

अनुसया एकटीच लावायला लागली. सकाळी रोप उपटायचं, जुड्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून न्यायच्या आणि मग कमरेत वाकायचं. एकट्या बाईनं चिखलात किती वाकावं? दुपारपर्यंत चटईएवढं हिरवं व्हायचं आणि बाकीचं रान पाण्यानं भरून तसंच. भागीरथी मंगलाच्या पैऱ्याला जाता-येता ते बघायची. एकदा ती बांधापाशी थांबली. अनुसयाच्या बोटांची बेचकी चिखल्यांनी फुटून लाल झाली होती.

"अक्का, तेल लाव की त्याला," भागीरथी म्हणाली. दुसरं काही तिला सुचलं नाही.

"लावते," अनुसया वर न बघता म्हणाली. "तू जा. कुणी बघितलं तर तुला बी म्हणतील."

भागीरथी गेली. पण मंगलाच्या रानात न जाता ती घरी आली. चिखलाचे पाय तसेच घेऊन तिनं दारातून हाक मारली, "सुनी, ते पान काढ."

"कुठलं?"

"काडी पडल्यालं. पहिल्यापासनं वाच. काडीपशी थांबायचं न्हाई."

सुनितानं काढलं. पानात काडी अजून होती. ती पानाच्या डोक्यापासून वाचत खाली आली. गुरं चोरली तर काय करायचं, दुसऱ्याच्या रानात गुरं घुसली तर काय, शेताला आग लागली तर काय. "हे तर आपल्या पंचायतीसारखंच हाय की," भागीरथी म्हणाली. मग ती ओळ आली. सुनिता अडखळली.

"पुढं वाच."

सुनितानं काडी बाजूला केली आणि वाचलं. चारच ओळी खाली होतं: विधवेला, अनाथाला गांजू नका. गांजलंत आणि त्यांनी माझ्याकडं गाऱ्हाणं केलं, तर मी ते ऐकीन. माझा राग भडकेल.

बाबू औत सोडून दारात आला होता. अंगावरून पाणी निथळत होतं. त्यानं सगळं ऐकलं.

"मग खरा कौल कुठला?" त्यानं विचारलं. "ह्यो का तो?"

भागीरथी त्याच्याकडे वळली. "अजून कौलच मागायलाय की तुमी," ती म्हणाली. "अवो, ते वाचायचं असतंय. काडीनं टोचून एक ओळ उपसायची आणि दुसऱ्याच्या डोक्यात घालायची, ह्यात आणि सटवाजीत फरक काय? तो तांदूळ टाकतोय, तुमी काडी टाकलीसा. नको म्हटल्यालं काम तुमी त्याच पुस्तकावर बसून केलंसा. आणि मी बघत बसले."

"पर ती पहिली ओळ बी हायच की तिथं."

"हाय. मला ती कळत न्हाई. मास्तरांना विचारीन, त्यांना बी न कळंना का. पर रेडकू घटसर्पानं मेलं हे आपल्याला ठावं होतं. तरी आपण नाव मागिटलं. नाव मागाय बसलं की कुणीतरी द्याया लागतंय, मोकळ्या हातानं उठता येत न्हाई. आज अक्काला दिलं." ती खाली बसली. "उद्या सुनीच्या सासरी म्हस आटली आणि तिथल्या सासूनं काडी टाकली, तर नाव कुणाचं निघंल? नवी आलेली पोर कुणाची?"

सुनितानं मान खाली घातली. बाबू लेकीकडे बघत राहिला.

"पोरीला आगीत घालणं आणि शकुन बघणं एका दावणीला का बांधलंय ते मला आता कळलं," भागीरथी म्हणाली. "शकुन बघायचं लागलं की शेवटाला कुणाची तरी पोर आगीत जाती. अक्का बी कुणाची पोरच हाय की."

कोपऱ्यात सखूबाई सुपारी कातरत बसली होती. तिचा अडकित्ता मघापासून थांबला होता.

बाबूला लाज वाटली. अशी लाज, की घरात उभं राहवेना. तो परसात गेला आणि कोयता न घेताच हातानं काटे उपसायला लागला. करवंदीचा काटा मऊ नसतो. सगळं कुंपण ढीग करून तो अनुसयाच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याचे तळवे रक्ताळले होते. ती ट्रंकेत लुगडी घालत होती.

"वैनी, चुकलं माझं."

"कुणापुढं म्हणायलास?"

"तुज्यापुढं."

"माझ्यापुढं म्हणून काय उपयोग?" तिनं एक लुगडं पुन्हा उलगडलं, पुन्हा घडी घातली. "मी काय केलंय आणि काय न्हाई ते मला ठावंच हाय. ज्यांना सांगिटलंस त्यांच्यापुढं म्हण."

गिरणीवर संध्याकाळी पावसामुळं गर्दी होती. बाया डबे घेऊन, पुरुष नुसतेच. आणि नेमका त्या दिवशी सटवाजीही दळण घेऊन आला होता. बाबू पायरीवर उभा राहिला आणि त्यानं सांगून टाकलं. रेडकू घटसर्पानं मेलं. वैनीनं काही केलेलं नाही. कौल मी लावला, तो लावायचाच नव्हता.

"म्हणजे तुमचं पुस्तक खोटं म्हण की," एकजण म्हणाला.

"पुस्तक न्हवं. मी."

लोक हसले. एवढं सरळ कुणी बोललं की हसूच येतं. सटवाजीनं मात्र मान हलवली. त्याच्या धंद्यात कच्चं काम झालं होतं आणि ते त्याला बघवत नव्हतं.

"माझ्याकडं आला असतास तर हे झालं नसतं," तो म्हणाला. "घरातलं नाव मी कधी काढत न्हाई. भांडणं लागतात. नेहमी लांबच्या गावची बाई सांगतोय."

आता हसणं थांबलं. गिरणीचा पट्टा फटफटत राहिला. मंगला डबा कडेवर घेऊन सटवाजीकडे बघत होती. ती लग्न होऊन लांबच्या गावाहून आलेली होती.

"लांबच्या गावात बी कुणाची तरी वैनी असतीच की मामा," बाबू म्हणाला आणि पायरी उतरून पावसात गेला.

सकाळी तो बैल घेऊन अनुसयाच्या रानात उतरला. भागीरथी आणि सुनिता बाजूला रोप उपटत होत्या. अनुसया आली, तिनं बांधावरून सगळ्यांकडे बघितलं आणि कुणाशी न बोलता कामाला लागली. तिचा राग गेला नव्हता आणि तो जावा असं कुणी म्हणतही नव्हतं. चौघांच्यानं ते रान उरकणार नव्हतं. वाटेवरून बाया दुसऱ्या रानांकडे निघाल्या होत्या. त्या हळू चालत होत्या, बघत होत्या, आणि एकही थांबत नव्हती.

तेवढ्यात सखूबाई आली. अंगावर पोत्याची खोळ, हातात काठी. तिनं चिखलात पाय घालून वर्षं झाली होती. तिनं काठी बांधावर टाकली आणि खाली उतरली. दोन पावलं आली आणि तिसऱ्याला गुडघ्यापर्यंत रुतली. तिला ना पुढं येता येईना, ना मागं. बाबू धावायला निघाला.

"तू थांब," सखूबाई म्हणाली.

तिनं अनुसयाकडे बघितलं. अनुसया सगळ्यात जवळ होती. ती सरळ झाली, चिखलाचा हात लुगड्याला पुसला आणि पुढं केला. सखूबाई त्या हाताकडे बघत क्षणभर तशीच उभी राहिली. वाटेवरच्या बायाही उभ्या राहिल्या.

म्हातारीनं तो हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"वड मला," ती म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "गिरणीवर मी बोलले ते खोटं होतं. माझी सून हाय ही."

अनुसयानं ओढलं. म्हातारी निघाली तशी तिच्या अंगावर कलंडली आणि दोघी कशाबशा सावरल्या. अनुसयाचे डोळे भरले होते, पण ती एवढंच म्हणाली, "आत्ती, कडंनं लावा. मधी खोल हाय."

वाटेवर मंगलानं टोपली खाली ठेवली, लुगडं खोचलं आणि बांधावरून उतरत एक जुडी मागितली.